पुजलेली फटफटी

मी आज जो काही आहे तो माणिकराव गुरुजींमुळे आहे, आणि गुरुजींची फटफटी आज ज्या कुठल्या भंगारात असेल ती माझ्यामुळे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. दहावीनंतर बा मला मेंढरांमागे धाडणार होता. गुरुजींनी त्याला शाळेच्या ओट्यावर बसवून दोन कप चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी मला फटफटीवर मागे बसवून थेट परभणीच्या कॉलेजात नेऊन सोडलं. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा ती एकच फटफटी होती.

माझ्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडे पेटलं होतं. परीक्षा लांबल्या, निकाल त्याहून लांबला. त्यामुळे दसऱ्याला मी घरीच होतो, अर्धा पदवीधर. (अर्धा पदवीधर पुऱ्याहून घातक. त्याला अजून स्वतःला सिद्ध करायचं असतं!)

दसऱ्याच्या दिवशी सकाळी दहाला गुरुजींच्या थोरल्या मुलीची, सुमनताईची, लग्नाची सुपारी फुटायची होती. चारठाण्याला, तिच्या मामाच्या घरी. गुरुजींची बायको आणि मुलगी आधीच तिकडे गेल्या होत्या. जाण्याआधी फटफटीचं ऑइल बदलून घ्यावं म्हणून गुरुजी जिंतूरला निघाले, तर मी आडवा आलो.

"गुरुजी, कशाला जाता? मी बदलतो की घरीच."

"येतंय का तुला?"

"बी.एस्सी. करायलोय मी, गुरुजी."

गुरुजींचा शिक्षणावर फार विश्वास होता. तिथंच ते फसले.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला दुपारी, मी फटफटी आमच्या अंगणात लावली. इंजिन तापवलं, खाली मायची पिठाची परात ठेवली आणि नट काढला. काळं ऑइल आधी माझ्या सदऱ्यावर आलं, मग परातीत. बा डबा घेऊन पळत आला. "सांडू नको. बैलगाडीच्या कण्याला लय कामाचं हाय." त्यानं थेंबन् थेंब नेला. मी नट पुसला, घट्ट बसवला. आता फक्त नवं ऑइल ओतायचं राहिलं होतं. तेवढ्यात माय पूजेचं ताट घेऊन बाहेर आली.

"सरक. पूजा करायचीय."

"माय, दोन मिनिटं थांब. ऑइल घालायचंय."

"इळा, कुऱ्हाड, पाभर समदं झालं. हीच राह्यली. निरांजन इझायलंय, सरक."

तिनं फटफटीच्या दिव्याच्या काचेवर कुंकवाची पाच बोटं ओढली, हँडलला झेंडूचा हार घातला, चाकापुढं नारळ फोडला. मी ऑइलच्या झाकणाकडे हात नेला.

"हात लावू नको. पुजलेल्या हत्याराला उद्यापतोर शिवायचं न्हाई."

"हे हत्यार न्हाई, माय. यंत्र हाय."

"लोखंडाचं हाय का न्हाई?"

तीन वर्षं भौतिकशास्त्र शिकलेला हात मी मागे घेतला. म्हटलं, सकाळी घालू.

सकाळी मी आपट्याची फांदी आणायला ओढ्याकडे गेलो आणि नेमके तेव्हाच गुरुजी आले; पांढरं धोतर, इस्त्रीचा कोट. त्यांनी मायला विचारलं, "ऑइल बदललं का उद्धवनं?"

"कालच की. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. लय काळं निघालं बगा." मायनं हार काढून घेतला आणि गुरुजींच्या हातावर साखर ठेवली.

मी परतलो तर अंगणात फटफटी नाही आणि ओट्यावर नव्या ऑइलचा डबा तसाच! मी डबा उचलून चारठाण्याच्या रस्त्यानं पळत सुटलो. (दुसऱ्या हातात आपट्याची फांदी. ती टाकून द्यावी, हेही सुचलं नाही.)

कोसभरावर गुरुजी दिसले. धोतर खोचलेलं, हात काळे, फटफटी निंबाला टेकवलेली. ते माझ्याकडे वळणार, तेवढ्यात मी डबा शेजारच्या तुरीत सारला. त्यांना फक्त फांदी दिसली.

"अरे, सोनं द्यायला एवढ्या लांब पळत आलास?" गुरुजींनी काळे हात धोतराला पुसून पुढे केले.

मी पानं दिली. पाया पडलो. आणि विचारलं, "गुरुजी, काय झालं?" (हे मी विचारलं. मीच.)

"जाम झाली रे. वय झालंय तिचं. मी निघतो चालत, तू हिला गावात ने."

त्या रस्त्यावर सकाळची एस.टी. कधीच गेलेली. गुरुजी चालत निघाले. मी फटफटी ढकलत गावात आलो, तेव्हा पारावरची मंडळी म्हणाली, "गुरूसाठी राबावं तर असं. शिका जरा."

गुरुजी चारठाण्याला पोचले तेव्हा पंगत उठत होती. मुहूर्त टळायला नको म्हणून सुपारी मामानं फोडली होती.

पुढच्या आठवड्यात जिंतूरच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं. "मास्तर, इसमें ऑइल का बूंद बी नै."

मी गुरुजींच्या शेजारीच उभा होतो.

"गळालं असंल वाटेत," गुरुजी म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मिस्त्रीला म्हणाले, "हा आमचा विद्यार्थी. लय गुणी पोरगा."

फटफटी भंगारात गेली. निवृत्त होईपर्यंत गुरुजी सायकलवर शाळेत गेले. मला नोकरी लागल्यावर, पहिल्याच वर्षी, मी त्यांना हे पत्र टाकलं:

ती. गुरुजींस साष्टांग नमस्कार.

फटफटीचं ऑइल गळालं नव्हतं. जुनं मी काढलं होतं आणि नवं घातलं नव्हतं. सुमनताईची सुपारी तुम्हाला बघता आली नाही, ती माझ्यामुळे. रस्त्यात सांगता आलं असतं, मिस्त्रीसमोर सांगता आलं असतं. तुम्ही गुणी म्हणालात आणि माझं तोंड जे बंद झालं, ते आज उघडतो आहे. इथल्या शाळेत मला आठवीचं विज्ञान दिलं आहे. मागच्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "सर, यंत्राला वंगण घातलं नाही तर काय होतं?" मी म्हणालो, पुढच्या तासाला सांगतो. असे चार तास झाले. ती रोज हात वर करते. आधी तुम्हाला सांगावं, मग तिला, म्हणून हे पत्र. उत्तर लवकर पाठवावं; सोमवारी पुन्हा आठवीवर तास आहे.

आपला विद्यार्थी,
उद्धव