न शोधता दिसलेला ठिपका

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. नर्मदा मी पाहिली ती पातळी आणि प्रवाह म्हणून. ग्वारीघाटावर गेलं की आमची ही पायरीला हात लावून तो डोळ्यांना लावायची आणि मी तिच्या चपला राखत उभा राहायचो. आजारपण आलं की माणूस देवाकडे वळतो म्हणतात. माझं उलटंच झालं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन, त्यावर केमो, एवढं सोसून मी इतका चिडका झालो होतो की कुणी "मैया सब ठीक करेगी" म्हटलं तरी माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या.

केमो संपल्यावर पेट स्कॅन करायचा ठरला. शिरेतून किरणोत्सारी साखर देतात आणि ती अंगात भिनेपर्यंत एका बंद खोलीत एकट्याला बसवतात. बोलायचं नाही, हलायचं नाही. शरीरातल्या ज्या पेशी अधाशी असतात त्या ती साखर ओढून घेतात आणि चित्रात चमकतात. त्या खोलीत पांघरूण घेऊन बसलो असताना मला एक विचित्र जाणीव झाली. कुणीतरी माझ्या आत शिरून, दिवा घेऊन, एकेक दालन सावकाश बघत फिरत होतं. त्यात भीती नव्हती, पण मला ते आवडलंही नाही. आपल्या घरात आपल्यालाच न विचारता कुणी हिंडावं तसं वाटलं.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. आतडं स्वच्छ, यकृत स्वच्छ. एवढं ऐकताच ही फोन करायला बाहेर धावली. मी उठणार तोच डॉक्टर म्हणाले, "रुकिए. एक चीज़ और है." मूत्राशय चमकत होतं; औषध लघवीवाटेच जातं, त्यात नवल नाही. पण त्याच्या खाली, प्रोस्टेट ग्रंथीत, एक छोटा ठिपका वेगळा पेटलेला होता. "हम ये ढूँढने नहीं गए थे, अपने आप दिख गया. हो सकता है सूजन हो, हो सकता है कुछ भी न हो. पर खून की जाँच और एमआरआई करवा लीजिए." मी मान डोलावली आणि बाहेर आलो. ही फोनवर रडत होती, हसत होती. त्या तोंडासमोर मला तो ठिपका उच्चारवला नाही.

पुढे हिच्या माहेरची रीत आडवी आली. अमरावतीकडची माणसं ही. नवस पावला की तो फिटेपर्यंत घरात त्या दुखण्याचं नाव काढायचं नाही, दवाखान्याची पायरी चढायची नाही, नाहीतर देवाला वाटतं की ह्यांचा भरवसाच नाही. हिनं मैयाला चुनरी बोलली होती. म्हणजे साडीला साडी गाठून या काठापासून त्या काठापर्यंत नावेतून पोहोचवायची. राइट टाउनमधल्या आमच्या गल्लीतल्या बाया एकेक साडी आणून देऊ लागल्या. मला ती रीत सोयीचीच पडली. सुया, नळ्या, गुंगीची औषधं यांना मी विटलो होतो. हळूहळू माझ्या मनानं घेतलं की नवस फिटल्यावरही जायचं नाही. जे व्हायचं ते होऊ दे. याला मी मनातल्या मनात शरणागती असं भारदस्त नावही देऊन टाकलं होतं.

चुनरीच्या दिवशी सकाळी घाटावर धुकं इतकं दाट होतं की नदी नुसती ऐकू येत होती. हिच्या हातात चुनरीचं एक टोक, दुसरं घेऊन मी नावेत चढणार, तेवढ्यात एक म्हातारी समोर आली. पांढरं लुगडं, हातात काठी, कमंडलूला लाल दोरा. परकम्मेत निघालेली असावी. ही माणसं सबंध नर्मदेची प्रदक्षिणा पायी करतात, नदी कायम उजव्या हाताला ठेवतात आणि प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत ती ओलांडत नाहीत. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बेटा, वो दूसरी बात भी बता दे."

"कोणती दुसरी बात?" हिनं मला विचारलं.

"काही नाही गं. असंच बोलत राहतात हे लोक," मी म्हणालो आणि नावेत बसलो. मागे वळून पाहिलं नाही.

नाव निघाली. मागचा काठ धुक्यात बुडाला. साड्या एकामागून एक पाण्यावर उलगडत होत्या, लाल, पिवळ्या, कुणाच्या लग्नातल्याही असतील. पात्राची रुंदी मला ठाऊक होती. त्याहून बरीच जास्त लांबी मी स्वतः जोडून घेतली होती. आणि तरी पलीकडचा काठ हाताच्या अंतरावर आलेला असताना चुनरी ताणली गेली आणि नाव थांबली.

"पहुँच नहीं रही, बाबूजी," नावाडी म्हणाला.

"प्रवाहानं चुनरीला मध्ये पोट आलं असेल. धार में झुक गई होगी," मी अधिकारवाणीनं सांगितलं. त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं. पाणी तळ्यासारखं निश्चल होतं. चुनरी सरळ रेषेत धुक्यात गेली होती. त्यानं वल्ह्यानं खाली चाचपून पाहावं म्हणून मी नावाड्याला खुणावलं. त्याच्या वल्ह्याला खाली काहीच लागलं नाही. माझ्या हातातलं टोक मात्र जड होत चाललं होतं, आणि त्याला बारीक, सावकाश हिसका बसत होता.

धुकं जरा विरळ झालं. समोरच्या काठावर, पाण्याला लागून असलेल्या दगडावर, ती बसली होती. तेच पांढरं लुगडं, तीच काठी, कमंडलूला तोच लाल दोरा. नावाड्याचे हात थांबले. "ये तो उस पार थी... परकम्मावाले तो पार नहीं करते," तो पुटपुटला आणि त्यानं हात जोडले.

मग ती बोलली. या खेपेला हिंदी नाही. माझी आई ज्या वऱ्हाडी सुरात मला रागवायची, नेमक्या त्या सुरात.

"काहून लपवून राह्यला रे?"

मी काय केलं ते जसंच्या तसं सांगतो. मी लहान पोरासारखा रडू लागलो आणि मोठ्यानं म्हणालो, "आणखी एक ठिपका दिसला आहे. प्रोस्टेटमध्ये. मला भीती वाटते, म्हणून जात नाही." हातातलं टोक एकदम सैल पडलं. नाव काठाला टेकली. टोक दगडाला बांधून मान वर केली तर ती बरीच पुढे, खालच्या अंगाला चालत गेली होती. नदी तिच्या उजव्याच हाताला होती. त्या काठावरून प्रदक्षिणेला निघालेली ती कुणी दुसरीच असेल. तसं असेल तर असो, मी वाद घालत नाही.

परतलो तेव्हा ही पांढरीफटक झाली होती. "मध्येच कापड हातात इतकं जड झालं," ती म्हणाली, "जसं काही खालून कुणी धरून राहिलं होतं." मी पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं. ती अशी कडाडली की शेजारचे पुजारी वळून पाहू लागले. "मैयाला अर्धं सांगता आणि अर्धं खिशात ठेवता? माझ्या माहेरच्या रीतीपायी तुम्ही मरायले निघाले होते? चुलीत गेली ती रीत! चला, आत्ताच्या आत्ता चला." ओल्या पदरानंच ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

रक्ताची तपासणी, एमआरआय, मग बायोप्सी. तो निराळाच कॅन्सर निघाला. पहिल्याशी त्याचं काही नातं नव्हतं. अजून ग्रंथीच्या बाहेर पडलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, पहिला आजार शोधत होतो म्हणून दुसरा दिसला, आणि वेळेत दिसला. किरणांचे उपचार झाले, ते मी तक्रार न करता घेतले असं म्हणणार नाही. भरपूर कुरकुर केली. पण गेलो, रोज गेलो.

त्या सकाळी मला काय भेटलं, ते मला ठाऊक नाही. कृतज्ञता मात्र इतकी आहे की कधी कधी जेवताना मध्येच घास थांबतो. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं असं मी समजत होतो. आता वाटतं, तो नुसता रुसवा होता. शरण जायचं तर आपल्याजवळ असेल नसेल ते सगळं समोर मांडावं लागतं, भ्यालेलं मनसुद्धा, आणि मग उठून सांगितलेल्या वाटेनं चालावं लागतं.

उद्या पुन्हा स्कॅन आहे. परत ती बंद खोली, परत ते दिवा घेऊन आत हिंडणं. काय चमकेल ते मला कळत नाही. पण जे असेल ते मैयानं आधीच पाहिलेलं असेल. मघाशी दिवेलागणीला ही जवळ येऊन बसली.

"भीती वाटून राहिली का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "खूप."

तिनं माझा हात हातात घेतला. मग आम्ही दोघांनी डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच तिच्या आधी माझ्या तोंडून निघालं, नर्मदे हर.