पांढरं डोकं, काळी मिशी

माणिकपूरच्या स्टँडवर एक शेअर रिक्षावाले काका असायचे. डोकं पांढरंशुभ्र, मिशी मात्र काळीकुळकुळीत. केस रंगवणं सोडावं की नाही, हे माझं ठरत नव्हतं, म्हणून एकदा त्यांनाच विचारलं, "काका, डोकं सोडून मिशीच का रंगवता?"

आरशात बघत त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "ताई, मागं बसलेल्यांना डोकं दिसतं. पांढरं बघून त्यांना भरोसा वाटतो. मला आरशात मिशी दिसते. ती माझ्यासाठी."

मी रंग सोडला. सहा महिन्यांनी तेच काका मला म्हणाले, "आजी, सावकाश चढा." माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठे असतील! मला रागच आला. पण मागच्या सीटवर त्यांनी चौथ्या माणसाला बसू दिलं नाही. "आजी अवघडतील," म्हणाले.

मग मी आजीसारखीच ऐसपैस बसले.