शकुनबाईने न सोसलेला ‘पास’

सकाळी पूजेला बसले तरी मन ठिकाणावर नव्हतं. देवाला लावायचं कुंकू समईला लावलं. काल शेजारच्या शकुनबाईने जे केलं, ते आमच्या साकोलीत कुण्या पोरीच्या आईने केलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

नवरा वारल्यापासून, अकरा वर्षं, ती बिड्या वळते. रोज संध्याकाळी सुपात बिड्यांचे कट्टे, म्हणजे बांधलेल्या जुड्या, घेऊन कारखान्यात तपासणाऱ्यापुढे उभी राहते. तो मूठभर बिड्या उचलतो, दाबतो. ‘पास’ म्हणाला तर बरं, नाहीतर तिच्या डोळ्यांदेखत मोडून ‘छाट’ म्हणून फेकतो. पोरगी सत्यभामा मॅट्रिक झाली, आम्ही सगळ्या ‘पास झाली, पास झाली’ करत पेढे खात होतो. ही म्हणाली, “पोरीनं मॅट्रिक काढली.” तो शब्द ती तोंडात घेतच नाही.

तुमसरचं स्थळ मीच आणलं. मुलगा ईश्वर राईस मिलमध्ये कारकून, स्वभावाने गरीब. काल तो पोरगी पाहायला आला, सोबत त्याचे मामा आनंदराव. मामांनी सत्यभामेला चालायला लावलं, वेणी सोडायला लावली, तळहात उलटेपालटे करून पाहिले. मग पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, “पास!”

मी मनातल्या मनात गजाननाला हात जोडले. तोच शकुनबाई उठली.

“मामाजी, हा शब्द मागं घ्या. माही पोरगी बिडीचा कट्टा नोहोय.”

“अवो बाई, पसंत हाये असं म्हणून रायलो. काहून चिडता? चांगला शब्द हाये.”

“चांगला हाये तं तुमच्या भाच्याले लावा. उठ रे बाबू, चालून दाखव. आमी बी पाहतो.”

आणि ईश्वर खरंच उठला! कान लाल झालेले, पण उठला. मामांनी बाही ओढली, “बस रे!” तो बसला. दोन मिनिटांत पाहुणे चपला घालून बाहेर.

“शकुन, काय केलंस हे! असं स्थळ पुन्हा येईल?” मी ओरडलेच. ती पोह्यांच्या बशा गोळा करू लागली.

दाराआडून सत्यभामा बाहेर आली. “आई, तो उठला होता वो.”

“बसला बी,” शकुनबाई म्हणाली.

दोघीही रडल्या नाहीत. रडले मी. मलाही असंच चालवून पाहिलं होतं, आणि त्या दिवशी मी पसंत पडले म्हणून माझ्या आईने देवापुढे नारळ फोडला होता.