माश्यांसाठी लावलेली जाळी

माझा स्वभाव संशयी आहे. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मीच सांगून टाकते. भाजीवाल्याने मेथीच्या जुडीत मधोमध पिवळी पानं लपवली असतील म्हणून मी जुडी सोडून बघते, आणि तशी पानं निघाली नाहीत तर मला जास्तच संशय येतो. अशी बाई नांदायला आली कुठे, तर शिंगणापुरात, जिथे घराला दारच नसतं. चौकट असते, तिला पडदा असतो, रात्री भटकी कुत्री आत शिरू नयेत म्हणून एक सुटी फळी टेकवायची आणि झोपायचं. पस्तीस वर्षं मी तशीच झोपले. घरातली वाटीसुद्धा कधी जागची हलली नाही, हे कबूल करायला हवं.

मालक गेल्यापासून घरात मी आणि आमचा कुत्रा, दोघंच. कुत्रा मुलाने आणलेला. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि कुत्रा माझ्या गळ्यात पडला. मुलाचा फोन आला की पहिला प्रश्न, "त्याने खाल्लं का?" आणि मग सवड राहिली तर, "तू जेवलीस का?" सुरुवातीला मला राग यायचा. पुढे माझंच असं झालं की देवळाजवळच्या माझ्या ठेल्यावरून येताना घराचा कोपरा दिसला की आधी तो लिंबाखाली आहे ना ते बघायचं आणि मगच श्वास सोडायचा.

गेल्या उन्हाळ्यात तो पार थकला होता. दात पडलेले, मागचा पाय धरलेला. दूध-भाकरीचा एक घास खायचा, पडवीतून उतरून अंगणातल्या लिंबाखाली पडायचं, तासाभराने दुसऱ्या घासाला परत यायचं. म्हणजे ताटली दिवसभर उघडी. आणि माशा तर काय विचारता. शेजारी गोठा, वर वैशाखाचं ऊन. ताटलीत दूध कमी आणि माशा जास्त. मी कडुनिंबाचा धूर केला, तर आधी कुत्राच शिंकत बाहेर पळाला. चौकटीत पाण्याने भरलेली पिशवी टांगली, तर माशा तिच्यावरच बसून राहिल्या. शेवटी ताटलीवर दुरडी पालथी घातली. दुरडी नाकाने सरकवायला तो दोन दिवसांत शिकला. परत झाकायला मात्र शिकला नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती.

म्हणूनच तर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी सकाळी देवळाच्या रस्त्याला तेल आणि रुईच्या माळा विकायला जाते, चारच्या सुमाराला परत येते. एक दिवस आले तर दुरडी ताटलीवर नीट झाकलेली. कुत्रा दुरडी उघडतो, झाकत नाही. उचलून बघितलं, तर ताटली घासल्यासारखी लख्ख आणि भोवती फरशीवर पंधरा-वीस माशा मरून पडलेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आणि कुत्रा संध्याकाळी पोट भरल्यासारखा सुस्त, भाकरीकडे बघेना.

माशा आपोआप मरत नाहीत. काहीतरी खाऊन मरतात.

संशय कुणावर घ्यायचा, हे मला शोधावं लागलं नाही. अंगणाच्या पलीकडे माझी धाकटी जाऊ राहते. आमच्या कुत्र्याने चैत्रात तिच्या कोंबडीचं एक पिल्लू तोंडात धरलं होतं. तेव्हा ती साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली होती, "या कुत्र्याचा एक दिवस बंदोबस्तच करते मी." मीही चार शब्द जास्तीचे सुनावले आणि त्या दिवसापासून आमचा अबोला. समोरासमोर आलो तरी ती पदर सारखा करायची आणि मी आभाळाकडे बघायची. तरी खात्री हवी, म्हणून एका सकाळी निघताना चौकटीत मी ज्वारीचं पीठ पसरून ठेवलं. चारला येऊन बघते, तर पिठात अनवाणी पावलं, आत येणारी आणि बाहेर जाणारी. उजव्या पायाची करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. ती करंगळी मला ओळखू येणार नाही तर कुणाला? बैलाने पाय दिला तेव्हा तिच्यावर हळद मीच दाबली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कुत्र्याच्या पोटावर हात ठेवून त्याचा श्वास मोजत बसले. तिला जाऊन विचारावं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. विचारलं असतं तर अबोला मी मोडला असं झालं असतं ना.

सकाळी उठून घोडेगावच्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं. लोखंडी चौकटीत बारीक जाळी बसवून पडवीला लावायला सांगितली. तो कडी बसवायच्या आधी थबकला.

"काकू, हे दार झालं की."

"दार न्हाई, जाळी हाय. माश्यांसाठी."

"मग माश्यांना कडी कशाला?"

"वाऱ्यानं उघडती म्हनून. तू तुझं काम कर."

गावात कुजबुज झालीच. मी प्रत्येकाला ऐकवलं, भटकं कुत्रं येऊ नये म्हणून फळी चालते, मग कुत्र्याच्या ताटलीत माशी जाऊ नये म्हणून जाळी का चालू नये? पण खरं मला माहीत होतं. कुलूप लावायचं धाडस मलाही झालं नाही. कडीला नुसता तारेचा पीळ दिला. कुत्र्याला आत ठेवलं, पाण्याची ताटली भरली, पंखा लावला आणि जाळी ओढून घेऊन कामाला गेले. आयुष्यात पहिल्यांदा घर बंद करून निघाले होते. चालताना पाय हलके वाटत होते, हेही सांगते.

त्या दिवशी अकराच्या आधीच वीज गेली. ठेल्यावर ते मला कळलंसुद्धा, पण मी म्हटलं, येईल. पडवीवर पत्रा आहे, लिंबाखाली जायची वाट मीच बंद करून आलेय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त ती करंगळी होती.

चारला आले तर पडवीतून अंगणात पाण्याचा ओघळ आलेला. जाळीला बाहेरून ओलं पोतं अडकवलेलं. आत कुत्रा जाळीला नाक लावून पडलेला, चिंब भिजलेला, जीभ बाहेर. पाण्याची ताटली उपडी. मी तारेचा पीळ सोडला. तो हलला, शेपटी एकदा आपटली, आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? पलीकडे जाऊ ओट्यावर तांब्या घेऊन बसली होती. दोन महिन्यांनी मी तिच्याशी बोलले ते हे.

"काय वतलंस माझ्या कुत्र्यावर?"

"पानी," ती म्हणाली. "अकरापास्नं वतते. त्यानं त्याचं पानी सांडलं, मग रडाया लागलं."

"मग तार सोडायची न्हाई व्हय?"

"आक्का, तुमी बंद केलेलं मी कसं उघडू? उघडं हुतं तवर रोज येत हुते."

आमच्या गावात पडदा सारून आत जाणं हे जाणंच असतं. पण कुणी बंद करून गेलेलं उघडलं, तर ती चोरी. देवाच्या गावात तिने ते केलं नाही. पाच तास जाळीतून तांब्या-तांब्याने पाणी मारत बसली, पण तारेला हात लावला नाही. मग आपोआपच तिने बाकीचंही सांगितलं. माझं दूध दुपारपर्यंत नासायचं. ती ते फेकून द्यायची, ताक-भाकरी कुस्करून घालायची, तो खाईपर्यंत पुठ्ठ्याने माशा मारत शेजारी बसायची, ताटली घासायची आणि दुरडी झाकून जायची.

"अगं, मग सांगायचं न्हाई का?" मी म्हटलं.

"बोलत कुठं हुतो आपन?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. तिचे पाय धरले असते तरी चाललं असतं. पण मला खरं बोलायची खुमखुमी आली. मी म्हटलं, "मला तर वाटलं, तू त्याच्या ताटलीत इख घालतीस."

तिने तांब्यात बघितलं, तळाशी राहिलेलं पाणी तुळशीला घातलं आणि आत गेली.

जाळी मी दुसऱ्याच दिवशी काढली. ती आता गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजतेय. ठेल्यावरून दुपारी बाराला घरी येते, ताक-भाकरी कुस्करते आणि हातात पुठ्ठा घेऊन बसते. माफी मागायला दोनदा गेले. तिने चहा केला, बशीत ओतून दिला, कुत्र्याचं विचारलं, सगळं रीतसर. पण त्या दिवसापासून ती आमच्या चौकटीच्या आत आलेली नाही. बाराच्या सुमाराला कुत्रा ताटलीपाशी येतो, पण लगेच तोंड घालत नाही. चौकटीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहतो. मी त्याला म्हणते, खा बाबा, मीच आहे.