शेवाळाचं तेल

कापसानं साऱ्या गावाचं कंबरडं मोडलं, त्या वर्षांत माझा कुणावरच भरवसा उरला नव्हता. बियाणं बोगस, औषध बोगस. रतनजोत लावा, बियांतून डिझेल निघेल, असं सांगत एक जण रोपं विकून गेला. त्या रोपांचं कुंपण तेवढं झालं. म्हणून पुतणी जेव्हा म्हणाली, शेवाळातून डिझेलचं तेल निघतं, तेव्हा मी म्हटलं, घ्या! आता घरातूनच टोपी!

पोरगी यवतमाळला बी.एस्सी. झालेली. आम्ही टाक्यातलं शेवाळ खराट्यानं घासून काढणारी माणसं, आणि ही विहिरीजवळच्या टाक्यात युरिया टाकून ते वाढवायची! मग गाळायची, वाळवायची, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन तेल काढायची. तिला स्थळ आलं होतं. तिचा बाप, माझा दादा, म्हणाला, "तेल खरं असन त आनखी टाके बांधू, लगन पुढं ढकलू. नाई त होकार देतो." पारख माझ्याकडे आली, कारण मी पांढरकवड्याच्या गिरणीत वीस वर्षं सरकीचंच तेल काढत होतो.

चार पाहुण्यांसमोर तिनं इवलीशी बाटली दिली. तेल काळपट. कच्चं सरकीचं तेलही काळपटच असतं. गिरणीतल्या रिवाजानं दोन थेंब तळहातावर चोळले, हुंगले.

"सरकीचं हाय हे," मी कडाडलो. "कोनाले येड्यात काढून राह्यली वं?"

"काका, मी कायले खोटं बोलू?"

दादानं तिला पुढं बोलूच दिलं नाही. स्थळाला होकार गेला, साक्षगंध ठरलं.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी जेवायला बसलो, तर बायको नाक मुरडून म्हणाली, "हात धुवा ना! सरकीचा वास येते."

"आत्ताच त धुतले साबनानं!"

म्हटलं खरं, पण तळहात नाकाशी नेला, तर तोच वास. वीस वर्षांची सरकी कातड्यात मुरलेली. या हातावर मी पाणी घेतलं असतं, तरी तेही सरकीचंच ठरलं असतं.

ताट सोडून पुतणीकडे गेलो, सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही.

"हे बाबाले सांगा, काका. आजूक वेळ हाय."

"सांगतो."

अंगणात दादा मांडववाल्याशी बोलत होता. ती माझ्यामागे दारापर्यंत आली. दादानं विचारलं, "काय रे?"

पाहुण्यांसमोर एवढ्या तोऱ्यात बोललेला मी.

"काई नाई," मी म्हटलं, "मांडव जरा इकडं घे. दुपारी ऊन येते."