मामांचं माप आन् माझं खोकं

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसणारच तुम्ही, पण चहा तरी संपू द्या.

शिरूरला स्टँडामागं रहीममामांचं टेलरिंगचं दुकान आहे. आमच्या निमोण्यातले सगळे नवरदेव त्यांच्याच हातचा कोट घालून बोहल्यावर चढलेत. माझंही लग्न आठ दिवसांवर आलेलं. मामांची मापांची वही पार फाटलेली बघून मी म्हटलं, "मामा, कम्प्युटरवर प्रोग्राम करून देतो." हौस हो, दुसरं काय?

छाती, पोट, खांदा, प्रत्येकाला एक खोकं केलं. त्यात फक्त आकडे टाईप होणार. दुसरं काही दाबलं की 'टुंग' वाजणार. मी स्वतःवरच खूश.

पहिलं माप माझंच घेतलं. मामांनी छातीचा आकडा टाकला आणि टुंग टुंग.

"मामा, फक्त आकडा टाका."

"आरं आकडाच टाकतोय की. ह्यालाच कळंना."

पोटाला तर तीनदा वाजलं. आता मला कुतूहल. कुठं दोनदा, कुठं तीनदा, खांद्याला एकदाही नाही, असं का? कीबोर्डात धूळ असेल? नवा कीबोर्ड आणला. तरी टुंग टुंग. मग वाटलं, वयोमानानं मामांचं बोट थरथरत असेल. डोकं लढवलं आणि आवाजच बंद करून टाकला.

"आता बरं झालं बघ," मामा म्हणाले. मापाची चिठ्ठी छापून निघाली, तिच्यावरून कारागिरानं कापड कापलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी कोट अंगात घातला. छातीचं बटण कसंबसं लागलं, पोटाचं लागेचना. श्वास आत ओढला, तरी न्हाई. घाम फुटला मला. आणि वर मीच म्हणालो, "मामा, माप चुकलं तुमचं."

मामांनी शांतपणे फाटकी वही काढली. माझं माप तिथंही लिहिलेलं. छाती अडतीस, पुढं दोन उभ्या रेघा. पोट एकोणचाळीस, पुढं तीन.

"ह्या रेघा कसल्या?"

"दोन म्हंजी अर्धा इंच, तीन म्हंजी पाऊण. सगळं आयुष्य असंच लिवलंय. तुझ्या खोक्यातबी रेघा टाकल्या व्हत्या मी."

खोक्यानं त्या एकूण एक परतवल्या होत्या. आवाज बंद, त्यामुळं कुणाला पत्ताच नाही. काय येऊ द्यायचं नाही, याचा मी एवढा विचार केला. मामा काय टाकतात, हे एकदाही विचारलं नाही.

मामांनी चष्मा लावला, कात्री उचलली.

"शिवणीत जादा कापड दाबून ठेवलंय आत, कोट सकाळपतूर उसवून देतो. तेवढं तुझा पोरोग्राम कुठनं उसवायचा, त्ये सांग."