सात वर्षांची घोडी

घोडे विकणाऱ्या म्हाताऱ्याला आसपासची सगळी गावं दातकाका म्हणत. त्यांचे स्वतःचे चारच दात उरले होते, पण घोड्याचं वय सांगावं तर त्यांनीच. खालच्या दातांवरचे काळे खड्डे वयाबरोबर झिजत जातात. ते बघून काका म्हणत, "पाच," किंवा "नऊ," आणि बाजारातला वाद तिथंच मिटे.

त्या सकाळी त्यांनी बेकरीवाल्याला एक तांबडी घोडी विकली. "सात वर्षांची आहे. पावाची गाडी अजून दहा वर्षं ओढेल." बेकरीवाल्यानं जबडा उघडूनसुद्धा बघितला नाही. काकांनी सांगितलं, संपलं.

दुपारी काकू तबेला झाडत होत्या. गव्हाणीच्या तळातून ओंजळभर काहीतरी आणून त्यांनी काकांच्या पुढ्यात टाकलं. अर्धवट चावून टाकलेले गवताचे ओले बोळे.

"बघा तुमच्या तरण्याताठ्या घोडीचं जेवण. माझी आजी शेवटी शेवटी असंच खायची."

काका एक बोळा बोटांत फिरवत राहिले. दाढा झिजल्याशिवाय जनावर असं गवत टाकत नाही. म्हणजे ज्याच्याकडून घोडी घेतली, त्यानं तिच्या दातांत खड्डे कोरून तापल्या सळईनं काळे केले होते. ही लबाडी काकांना नवी नव्हती. तरुणपणी असे तीन ठग त्यांनी बाजारातून हाकलले होते. पण नजर अधू झाल्यावर घेतलेला चष्मा ते घरीच ठेवत. चष्मा लावून दात बघणाऱ्याचा शब्द कोण मानणार? म्हणून दोन वर्षं ते बोटानं चाचपूनच वय सांगत होते. बोटाला खड्डा लागला, तो खरा मानला.

"फसलात ना?" काकूंनी विचारलं.

"गप बस."

"बसते. घोडी भर रस्त्यात बसली म्हणजे तिलाही हेच सांगा."

काका उठले, बसले, पुन्हा उठले. पाणी मागितलं आणि प्यायला विसरले. नीट गुंडाळलेला दोर सोडून परत गुंडाळला. शेवटी चष्मा खिशात टाकून निघाले.

"वरातीमागून घोडं!" काकू म्हणाल्या आणि त्यांची राहिलेली काठी त्यांच्या हातात दिली.

बेकरीवाला कोपरापर्यंत पिठात होता. दारात तीन गिऱ्हाइकं उभी होती. बाहेर गाडी भरून तयार, घोडी जुंपलेली.

"काका, एवढ्या उन्हात?"

"घोडी परत दे बाबा. तुझे पैसे घे. वय चुकलं माझं. चौदा तरी असेल."

बेकरीवाला हसला. "कोणी जास्त देतंय वाटतं?"

"अरे, खरंच चुकलो."

"तुम्ही? दातांत?" त्यानं आत तोंड करून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? काका घोडी परत मागतायत!"

"देऊ नका हं!" भट्टीमागून आवाज आला. "चांगली असल्याशिवाय मागतील होय?"

चाळीस वर्षांत कमावलेला शब्द असा आडवा आला. मग सगळ्यांदेखत काकांनी खिशातला चष्मा काढून नाकावर चढवला आणि घोडीचा जबडा उघडला.

"इकडे ये. खऱ्या खड्ड्याभोवती पांढरी कड असते. इथं आहे? आणि दात पुढे किती कललेत बघ." त्यांनी जबडा सोडला. "मला नीट दिसत नाही रे. दोन वर्षं झाली."

मग गिऱ्हाइकांतला दूधवाला पुढं सरकला. "काका, माझा घोडा तुम्ही गेल्या वर्षी सहाचा म्हणाला होता."

"आण. पुन्हा बघतो."

बेकरीवाल्यानं गाडीकडं पाहिलं. "उद्या न्या घोडी. पण आजचे पाव कसे पोचवू?"

"अर्ध्या पाट्या उतरव. चढावर मी मागून ढकलतो."

चढ लागला तसा काकांनी गाडीला खांदा दिला. घोडी थांबत थांबत, धापा टाकत वर निघाली. काकांचं लक्ष मात्र तिच्यावर नव्हतं. कुंभाराची करडी घोडी. मग तो लंगड्या सुताराचा पांढरा. त्याला आठ सांगितलं होतं, की नऊ?

"काका, ढकलताय ना?" पुढून बेकरीवाल्यानं विचारलं.

"ढकलतोय रे. डॉक्टरीणबाईंच्या घोडीला मी किती म्हणालो होतो, आठवतंय का तुला?"